दरजेतले खडे

रविवारी देशातल्यांना फुकट,
म्हणून सेनाइदा रविवारीच येते.
मी तिकीट काढतो. ती खिडकीपाशी थांबत नाही,
पहारेकरी क्रिसोफोरोला नुसती भुवई उडवते
आणि पुढे.

डोंगराचा माथा कुणीतरी कापून सपाट केलेला,
उकडलेल्या अंड्याचा कापावा तसा.
खाली तिन्ही खोऱ्यांत ओआहाकाची घरं सांडलेली,
आणि वर इतकं आभाळ
की बोलताना आवाज आपोआप उतरतो.

इथे झरा नाही, ती सांगते. कधी नव्हताच.
पाणी खालून यायचं, डोक्यावरून, पाठीवरून,
हजार वर्षं, रोज.
दगडाला पाझर फुटायची वाट बघत
कोण बसणार?
राजांची नावं कोरलेली आहेत.
पाणी आणणारीचं कुठे दिसतं का बघ.
मी बघतो.
पुन्हा बघतो.

'नाचणारे' म्हणतात त्या दगडांना.
वाकडे हात, मिटलेले डोळे, उघडी तोंडं.
आधी कुणाला वाटलं, नाचतायत.
मग कुणाला वाटलं, मारून टाकलेत यांना.
एक बाई तसाच हात वाकवून फोटो काढून घेते,
तिचा मुलगा भूक लागली म्हणून रडतोय.
सेनाइदा तिथे रेंगाळत नाही.
माझं बाहीला धरून नेते मला मागच्या बाजूला,
जिथे सावली, सरडे,
आणि एकही पाटी नाही.

हे बघ.
दोन दगडांमधल्या दरजेत
बारीक खडे दाबून बसवलेले,
भाकरीवर तीळ थापावेत तसे.
जिथे खडे, ते नंतरचं.
जिथे नाहीत, ते जुनं.
पुढे येणाऱ्याला फसवायचं नाही
असा नियम होता कामावर.

फिदेन्सिओ, तिचे वडील,
दोन हंगाम होते इथे रोजंदारीला.
जेवणात दुमडलेली त्लायुदा, आत चीज आणि मिरची,
आणि सबंध दिवस अंगठ्यानं खडे दाबणं.
अंगठ्याचं नख गेलं ते पुन्हा नीट आलंच नाही.
काम सुटलं, सवय सुटली नाही.
घरचं स्वयंपाकघर बांधलं तेव्हा
चुलीमागच्या भिंतीतही खडे!
आई हसून हसून खाली बसली :
अहो, हे कुठे दोन हजार वर्षांचं आहे?
ते म्हणाले, होईल.

मी भिंतीवर हात ठेवतो.
हा दगड जुना, हा जुना, हा त्यांचा,
हा पुन्हा जुना.
हाताला फरक कळत नाही,
डोळ्याला कळतो.
आणि मी जो डोळे मिटतो
तर सेनाइदा दटावते, उघड.

तिला वडिलांची भाषा अर्धीच येते.
दगडाला काय म्हणतात, मी विचारतो.
ती सांगते. मी म्हणून दाखवतो.
ती इतकी हसते की सरडा पळतो.
माझ्या घशात काहीतरी कमीजास्त झालं म्हणे,
आणि मी भिंतीत
फूल बसवलं.

एक खडा सुटून खाली पडलाय.
करंगळीच्या नखाएवढा.
ती उचलते, तोंडात धरते क्षणभर,
ओला करते,
आणि त्याच्या खाचेत अंगठ्यानं दाबते.
बसत नाही. पुन्हा दाबते.

क्रिसोफोरो कोपऱ्यावर उभा, शिटी ओठांत.
कशाला हात लावायचा नाही,
स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलंय दारावर,
आणि त्यानं बघितलंय.
तो शिटी काढून खिशात ठेवतो.
मग दरीकडे तोंड करून
तिथल्या कासाउआतेच्या पांढऱ्या झाडाकडे
असा बघत राहतो
जसं ते आत्ता,
पहिल्यांदाच,
तिथे आलंय.